फी आधी की मोजणी आधी: एका व्हाइटटेल हरणाच्या शिंगांचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या पश्चिम कडेला, मिसिसिपी नदीलगतच्या डोंगराळ पट्ट्यात हे प्रकरण घडले. हा भाग मोठ्या शिंगांच्या व्हाइटटेल हरणांसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे इथले शेतकरी आपले रान हंगामापुरते शिकाऱ्यांना खंडाने देतात आणि खंडाचा आकडा बऱ्याच अंशी 'मागच्या साली इथे केवढे हरीण पडले' यावर ठरतो. नावे, गाव आणि साल इथे दिलेले नाही. शिकारी, जमीनमालक, दुकानदार आणि मोजणीदार अशी चार माणसे लक्षात ठेवली की पुरे.

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम उघडतो. त्या साली तो २३ नोव्हेंबरला उघडला आणि शिकाऱ्याने पहिल्याच सकाळी नर टिपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद करून पुष्टी क्रमांक घेणे राज्याच्या नियमाने बंधनकारक आहे. ते त्याने वेळेत केले. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये प्रथम सापडला. तेव्हापासून डोक्यातल्या लसिका ग्रंथींचा नमुना तपासणीला देण्याची पद्धत आहे. नमुना दिल्यावर निकाल येईपर्यंत डोके फ्रीझरमध्ये गेले. ३० नोव्हेंबरला ते बाहेर काढून त्याच दिवशी कवटी उकळून साफ केली.

त्याआधी, २४ तारखेला, एक गोष्ट झाली होती. शिकारी डोके घेऊन जवळच्या बंदुकांच्या दुकानात गेला. दुकानदाराने काउंटरवरच टेप लावला, ३५ डॉलर घेतले आणि छापील प्रमाणपत्र दिले: 'अधिकृत गुण १७६ ७/८'. गुण म्हणजे शिंगांच्या ठरावीक मापांची इंचांतली बेरीज. जमीनमालकाने तो आकडा पुढच्या हंगामाच्या जाहिरातीत घातला, शेजारी 'बून अँड क्रॉकेट' या, मोठ्या शिंगांची नोंद ठेवणाऱ्या शिकारी क्लबचे नावही जोडले.

अडचण नेमकी कुठे होती

बून अँड क्रॉकेट क्लब १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. त्याचे आजचे कार्यालय मोंटाना राज्यात मिझूला इथे आहे. क्लबचे पहिले नोंदपुस्तक १९३२ चे आणि आजची गुणपद्धत १९५० पासूनची. या पद्धतीत मोजणारा माणूस क्लबकडून प्रशिक्षण घेऊन नेमलेला असतो, स्वेच्छेने काम करतो आणि मोजण्याचे पैसे घेत नाही. पैसे लागतात ते पुढच्या पायरीला, म्हणजे मोजलेला तक्ता क्लबच्या नोंदीत दाखल करायचा असेल तेव्हा, आणि ती फी थेट क्लबकडे जाते. कोणी 'अधिकृत मोजणी'चे पैसे हातात मागितले की तिथेच शंका घ्यावी.

म्हणजे दुकानातले ३५ डॉलर कशाचेच नव्हते. शिवाय तो आकडाही तीन कारणांनी चुकीचा होता.

शिंगे ओली होती. क्लबच्या नियमाने शिकारीनंतर किमान ६० दिवस घरातल्या साध्या हवेत शिंगे वाळू द्यावी लागतात. त्याआधीच्या गुणांना शिकारी 'ग्रीन स्कोअर' म्हणतात. गप्पांत तो आकडा चालतो, तक्त्यावर चालत नाही.

टेप शिंप्याचा, कापडी होता. नियमाप्रमाणे पाव इंच रुंदीचा लवचिक पोलादी टेप लागतो. मुख्य दांडा आणि फाटे वळणदार असल्याने तिथे बारीक पोलादी तारही वापरतात. मोजमाप इंचाच्या आठव्या भागापर्यंत, सुताराच्या हिशोबात सुतापर्यंत घेतात. पुढे याच हिशोबाने लिहिले आहे: आठ सूत म्हणजे एक इंच.

तिसरे कारण सर्वांत मोठे. दुकानदाराने नुसती बेरीज केली होती. 'टिपिकल', म्हणजे नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांच्या, प्रकारात उजव्या-डाव्या शिंगातला फरक वजा होतो आणि वाकडेतिकडे उगवलेले जादा फाटेही वजा होतात. डाव्या शिंगावर, दुसऱ्या उभ्या फाट्याच्या बुडाशी, अंगठ्याच्या पेराएवढे एक बोंड आले होते. दुकानदाराने ते जमेतही धरले नाही, वजाबाकीतही नाही. पुढचे सगळे प्रकरण त्या बोंडाभोवती फिरले.

पहिला निर्णय: मोजणी कधी

शिकाऱ्याने २३ नोव्हेंबरपासून साठ दिवस धरून २५ जानेवारीची वेळ घेतली आणि दोन तास गाडी चालवून मोजणीदाराकडे पोहोचला. मोजणीदाराचा पहिला प्रश्न होता, 'कवटी उकळली कधी?' डोके फ्रीझरमध्ये ठेवले असेल किंवा उकळले असेल तर साठ दिवस शिकारीच्या तारखेपासून धरत नाहीत. शिंगे फ्रीझरमधून किंवा पातेल्यातून बाहेर आली त्या तारखेपासून मोजणी सुरू होते. ३० नोव्हेंबर अधिक ६० म्हणजे २९ जानेवारी. चार दिवस कमी पडत होते, मोजणीदाराने टेप बाहेर काढलाच नाही.

इथे मोजणीदाराला दोष देता येणार नाही. नियम ओलावा जाण्यासाठी आहे. फ्रीझरमध्ये तो जात नाही आणि उकळताना हाड पुन्हा पाणी पिते. चार दिवसांनी गुण बदलले असते असे नाही, पण तक्त्यावर तारीख लिहावी लागते आणि क्लबच्या कार्यालयात तीच आधी तपासली जाते.

एक गोष्ट मात्र शिकाऱ्याने नीट केली होती. परतीच्या प्रवासात खोका लहान व्हावा म्हणून भावाने कवटी मधोमध कापायचा सल्ला दिला होता, तो त्याने ऐकला नाही. कवटी दुभंगली की दोन दांड्यांमधले आतले अंतर पुन्हा खात्रीने सिद्ध करता येत नाही आणि अशी शिंगे नोंदीतून कायमची बाद होतात. उकळताना फार वेळ ठेवले तरी कपाळाच्या हाडाची शिवण सैल होते, म्हणून मंद आचेवर, मध्येमध्ये काढून खरवडत साफ करणे बरे.

१ फेब्रुवारीची मोजणी

| मोजमाप | उजवे | डावे | फरक |
|---|---|---|---|
| मुख्य दांडा | २६ २/८ | २५ ५/८ | ५/८ |
| पहिला फाटा | ५ १/८ | ५ | १/८ |
| दुसरा फाटा | १२ | ११ ३/८ | ५/८ |
| तिसरा फाटा | १० ५/८ | १० ३/८ | २/८ |
| चौथा फाटा | ६ १/८ | ४ ६/८ | १ ३/८ |
| घेर १ | ५ | ४ ७/८ | १/८ |
| घेर २ | ४ ५/८ | ४ ५/८ | ० |
| घेर ३ | ५ | ५ | ० |
| घेर ४ | ४ ५/८ | ४ ३/८ | २/८ |
| एकूण | ७९ ३/८ | ७६ | ३ ३/८ |

दांड्यांमधले आतले अंतर १८ ६/८. हे अंतर जमेत धरतात, पण लांब असलेल्या दांड्यापेक्षा जास्त धरता येत नाही. इथे तो प्रश्न नव्हता. टोकापासून टोकापर्यंतचे अंतर आणि बाहेरून सर्वांत रुंद अंतर तक्त्यावर लिहितात, गुणांत धरत नाहीत. दांड्याचे टोक फाट्यांच्या संख्येत मोजतात, पण त्याची लांबी दांड्यात आलेलीच असते.

बेरीज १७४ १/८. म्हणजे दुकानातल्या आकड्यापेक्षा २२ सूत कमी. यातले ४ सूत आतल्या अंतरातून गेले. कवटी वाळताना शिंगे थोडी आत येतात. दांड्यांमध्ये मिळून ३ सूत, फाट्यांमध्ये ७. उरलेले ८ सूत घेरांतले, आणि त्यांचे खापर वाळण्यापेक्षा कापडी टेपवर फोडावे लागेल. घेर दोन फाट्यांमधल्या सर्वांत बारीक जागी घ्यायचा असतो. त्यासाठी टेप हळूहळू वरखाली सरकवत सर्वांत लहान आकडा शोधावा लागतो. काउंटरवर एवढी सवड कोणी काढत नाही.

१७४ १/८ मधून दोन्ही बाजूंचा फरक ३ ३/८ गेला. उरले १७० ६/८.

क्लबच्या टिपिकल व्हाइटटेलसाठी दोन उंबरठे आहेत. तीन-तीन वर्षांच्या अवॉर्ड्स कालखंडाच्या नोंदीसाठी १६० आणि कायमच्या, ऑल-टाइम नोंदीसाठी १७०. शिकाऱ्याचे हरीण १७० च्या वर सहा सूत उभे होते आणि बोंड अजून मोजायचे होते.

बोंड

फाटा म्हणून धरायला दोन अटी लागतात. लांबी किमान एक इंच हवी. आणि टोकापासून एक इंच किंवा त्याहून खाली कुठेतरी लांबी रुंदीपेक्षा जास्त भरली पाहिजे. यात बसले नाही तर तो नुसता उंचवटा, त्याची जमा नाही आणि वजाही नाही. बसले तर तो जादा फाटा, पूर्ण लांबी वजा.

सगळी मेख पायाच्या रेषेत असते. बोंड नसते तर मूळ फाट्याची कड कुठून गेली असती, तशी रेषा काढायची आणि तिथून टोकापर्यंत बाहेरच्या वळणाने मापायचे. मोजणीदाराने बुडाशी कागदी चिकटपट्टी लावली, फाट्याच्या दोन्ही अंगांची कड पेन्सिलीने पुढे नेली आणि टेप धरला: ९ सूत. शिकाऱ्याचे म्हणणे, रेषा खाली गेली आहे, तिथे शिंगालाच फुगवटा आहे. मोजणीदाराने पट्टी काढली, शिंग उलटे फिरवले, नवी पट्टी लावून उलट्या अंगाने रेषा काढली. पुन्हा ९. टोकापासून एक इंचावर रुंदी ६ सूत. दोन्ही अटी पूर्ण.

१७० ६/८ वजा १ १/८, राहिले १६९ ५/८.

दोन सूत बोंड आखूड असते तर ते धरलेच गेले नसते आणि हरीण ऑल-टाइम नोंदीत बसले असते. ही पद्धत डावी-उजवी सारखी असलेल्या शिंगांना झुकते माप देते, यावर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांत जुना वाद आहे. हरणाने वाढवलेले शिंग वजा का करायचे, हा प्रश्न गैर नाही. पण दाखल करायला आल्यावर तो विचारून उपयोग नसतो.

पर्याय

जमीनमालकाने फोनवर पहिला पर्याय सुचवला: कानशीने दोन-तीन सूत उतरवून दुसऱ्या मोजणीदाराकडे जायचे. शिंगात फेरफार केला की ते बाद होते. घासलेली जागा बाकीच्या शिंगापेक्षा फिकी पडते, कानशीच्या रेघा उजेडात तिरके धरले की दिसतात आणि इथे तर एक तक्ता आधीच भरून झाला होता. नैसर्गिकरीत्या मोडलेले टोक असेल तर आहे तसे मोजतात, कापलेले नाही. शिकाऱ्याने हा विषय तिथेच थांबवला.

दुसरा पर्याय 'नॉन-टिपिकल' प्रकाराचा. तिथे जादा फाटा वजा न होता जमा होतो. १७० ६/८ अधिक १ १/८ म्हणजे १७१ ७/८. पण त्या प्रकाराचा अवॉर्ड्स उंबरठाच १८५ आहे. हिशोब करायला एक मिनिट लागले.

तिसरा, पोप अँड यंग क्लब. त्यांचा टिपिकल व्हाइटटेलचा उंबरठा १२५, मोजण्याची पद्धतही हीच. पण तो क्लब फक्त धनुष्यबाणाच्या शिकारीचा. हरीण रायफलने मारले होते.

चौथा, सफारी क्लब इंटरनॅशनल. त्यांच्या पद्धतीत दोन बाजूंच्या फरकाची वजाबाकी नाही, त्यामुळे आकडा मोठा दिसतो. नोंद वेगळी, फी वेगळी आणि दोन क्लबांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आपल्याकडच्या वाचकाला यात एक वेगळेच कुतूहल वाटेल: टेक्सासमध्ये १९३२ च्या सुमारास सोडलेली चितळे आणि काळविटे आज तिथल्या रानात मुक्त फिरतात, आणि त्यांची शिंगे या क्लबात नोंदवता येतात. बून अँड क्रॉकेट फक्त मूळ उत्तर अमेरिकन प्राणी धरतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आज या दोन्ही प्राण्यांची शिकार करता येत नाही.

पाचवा पर्याय काहीच न भरण्याचा. मोजणीदाराच्या सहीच्या तक्त्याची प्रत जवळ ठेवायची, फी वाचवायची. घराच्या भिंतीसाठी हेच पुरेसे असते आणि आमच्या मते बहुतेकांनी हेच करावे.

सहावा, १६९ ५/८ ची अवॉर्ड्स नोंद. फी, कार्यालयाची छाननी, प्रमाणपत्र आणि त्या तीन वर्षांच्या पुस्तकात नाव. ऑल-टाइम पुस्तकात नाही.

फी कशाची असते

नाव आणि शिंगे एकत्र बांधून ठेवण्याची. याच राज्यातले जुने उदाहरण आहे. १९१४ मध्ये जेम्स जॉर्डन यांनी डॅनबरीजवळ एक मोठा नर मारला आणि डोके भुसा भरून घ्यायला टॅक्सिडर्मिस्टकडे दिले. तो माणूस गाव सोडून गेला आणि डोकेही गेले. अनेक दशकांनी ती शिंगे मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत कोणाच्या तरी हाती लागली. मोजल्यावर २०६ १/८ भरली आणि जागतिक विक्रम ठरला, शिकाऱ्याचे नाव मात्र 'अज्ञात'. जॉर्डन यांच्या नावाने नोंद झाली ती १९७८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. (तो विक्रम पुढे १९९३ मध्ये कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या बिगरजवळच्या मिलो हॅन्सन यांच्या २१३ ५/८ च्या नराने मोडला.) परवान्याची प्रत, फोटो आणि सही यांचा आग्रह अशा प्रकरणांमुळे वाटतो त्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

शिकाऱ्याचे कारण साधे होते. जमीनमालकाची जाहिरात खोटी ठरली होती आणि त्याच्यासोबत हे रान खंडाने घेणाऱ्या गटातल्या चौघांना खरा आकडा छापील हवा होता. त्याने सहावा पर्याय घेतला.

दाखल करताना काय अडले

पाकिटात मूळ सहीचा तक्ता, शिकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, शिकारीची माहिती देणारा फॉर्म, परवान्याची व नोंदीची प्रत, फोटो आणि फी जाते. फी दर काही वर्षांनी बदलते, म्हणून मित्राने मागे किती भरली ते न विचारता चालू फॉर्मवर छापलेली रक्कम पाहावी. भरलेली फी परत मिळेल असे धरून चालू नये.

माहितीच्या फॉर्मवर शिकारी अडखळला. रानात त्याचा मोबाइलवर फोटो पाठवणारा ट्रेल कॅमेरा होता. क्लबच्या 'फेअर चेस', म्हणजे प्राण्याला निसटायची रास्त संधी देणाऱ्या शिकारीच्या, नियमांत, प्राणी आत्ता कुठे आहे ते तत्काळ कळवणारे साधन वापरून त्याच बातमीवर निघून केलेली शिकार बसत नाही. दोन माणसांनी वॉकीटॉकीवर एकमेकांना दिशा देणेही नाही. या नराचा शेवटचा फोटो हंगाम उघडण्याच्या आठ दिवस आधीचा होता आणि शिकारीच्या सकाळी कॅमेऱ्याने काहीच पाठवले नव्हते. मोजणीदाराने सल्ला दिला, लपवू नका. कॅमेरा होता, शेवटचा फोटो या तारखेचा, असे सरळ लिहा, आणि फी भरण्याआधी कार्यालयाला फोन करून विचारा. तसे केले. हरकत आली नाही.

अडले फोटोवर. समोरून, उजवीकडून आणि डावीकडून असे तीन लागतात. डाव्या बाजूचा फोटो भिंतीवर टांगलेल्या अवस्थेत, थोडा खालून काढलेला होता. त्यात बोंड दुसऱ्या फाट्याआड गेले होते. तक्त्यावर एक जादा फाटा आणि फोटोत तो दिसत नाही, म्हणून कार्यालयाने नवा फोटो मागवला. साधी पांढरी चादर मागे, कॅमेरा शिंगांच्या उंचीवर, मागे दुसरे डोके नाही. एवढे केले की काम होते.

निष्पत्ती

नोंद १६९ ५/८ वर मान्य झाली. दुकानातले ३५ डॉलर परत आले नाहीत आणि शिकाऱ्याने त्यासाठी भांडण केले नाही. जमीनमालकाने जाहिरातीतला आकडा बदलला, थोडी कुरकुर करून. पुढच्या साली खंड त्याने कमी केला नाही, गटानेही तशी मागणी केली नाही.

काय वेगळे करता आले असते

दुकानात 'तुम्ही कोणत्या क्लबचे नेमलेले मोजणीदार?' एवढे विचारले असते तर ३५ डॉलर आणि जाहिरातीची नामुष्की, दोन्ही टळले असते. नेमलेल्या मोजणीदारांची यादी क्लबकडून मिळते.

फ्रीझर आणि उकळण्याची तारीख कवटीला बांधलेल्या चिठ्ठीवर हवी होती. २५ जानेवारीची फेरी वाया गेली ती फक्त एका तारखेमुळे.

ग्रीन स्कोअर घेताना वजाबाकीही तेव्हाच करायला हवी होती. दुकानदाराच्याच मापांवर फरक ३ ७/८ निघत होता आणि बोंड साधारण इंचभर दिसत होते, म्हणजे ओल्या शिंगांतही गुण १७२ च्या आसपासच होते. वाळल्यावर १७० राखता येईल की नाही, हे नोव्हेंबरातच अनिश्चित दिसले असते आणि १७६ चा आकडा कोणी जाहिरातीत घातला नसता.

मोजणीदाराने आपल्याकडून एक बदल केला. आता फोनवर वेळ देतानाच तो विचारतो: फ्रीझर होता का, उकळली कधी, कवटी अखंड आहे का. जमीनमालकाने तेच तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून शेडमधल्या हरणे टांगायच्या तुळईवर चिकटवले आहेत. खाली चौथी ओळ त्याने स्वतःची घातली आहे: दुकानात पैसे देऊ नका.